हुक्केरी सरांचा शेवटचा सामना

“टाइमआउट शिल्लक होता, सर. घेतला का नाहीत?”

सुनेत्रा बिरनाळेच्या हातात करंडक होता, तरी आवाजात राग होता.

हुक्केरी सर शिट्टीची दोरी बोटाभोवती गुंडाळत राहिले. मिरजेच्या त्या कॉलेजात मुलींना बास्केटबॉल शिकवता शिकवता त्यांचे केस पांढरे झाले होते. हा त्यांचा शेवटचा सामना. आणि तो एका गुणानं त्यांच्याच जुन्या खेळाडूच्या, आता प्रशिक्षक झालेल्या सुनेत्राच्या संघानं जिंकला होता.

“बोला ना, सर.”

“काय बोलू?”

“मला जिंकू दिलंत?”

सर हसले. “तुला? हरायची एवढी हौस नाही मला. आज जेवण जायचं नाही बघ.”

“मग गप्प का बसलात? मी तर शेवटपर्यंत ओरडत होते.”

“ऐकू येत होतं...”

सुनेत्रा ओशाळली, पण मागं हटली नाही. शेवटच्या क्षणी चेंडू सरांच्या कप्तानाकडे, तबस्सुमकडे होता. सुनेत्राच्या संघातल्या दोघी तिच्यावर धावून गेल्या. तबस्सुमनं चेंडू पल्लवीला दिला. नवखी पोर. तिचा चेंडू रिंगवर फिरला, फिरला... आणि बाहेर पडला.

“तुमच्या जागी मी असते तर पल्लवीला चेंडू जाऊच दिला नसता,” सुनेत्रा म्हणाली.

सरांनी हाक मारली. तबस्सुम आली. डोळे लाल होते, मान मात्र ताठ.

“टाइमआउट घेतला असता तर मी काय सांगितलं असतं गं?”

“तूच मार, म्हणाला असता.”

“आणि मग?”

तबस्सुमनं क्षणभर सुनेत्राकडे पाहिलं. मग सरांकडे.

“मी तरी पल्लवीलाच दिला असता, सर. माझ्यावर दोघी होत्या. ती मोकळी होती.”

“माझं ऐकलं नसतंस?”

“नसतं ऐकलं.”

“चुकला ना तिचा?”

“चुकू दे. उद्या मोकळी असली तर उद्यापण तिलाच देईन.”

एवढं बोलून ती पल्लवीकडे परत गेली. पल्लवी खांबाला टेकून रडत होती. बाकीच्या पोरी तिला घेरून बसल्या होत्या. कुणीतरी काहीतरी बोललं आणि रडता रडता पल्लवीला हसू फुटलं.

सर बघत राहिले. सुनेत्रानं त्यांना कितीतरी सामने जिंकताना पाहिलं होतं. इतकं ताठ उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं.

“तोंडावर सांगून गेली, तुमचं ऐकलं नसतं म्हणून!”

“हो.” सर अजून तबस्सुमकडेच बघत होते. “ऐकलंस ना तू पण?”



सुनेत्राच्या स्वतःच्या संघातल्या मुली गळ्यात पदकं घालून ओळीनं उभ्या होत्या. बसमध्ये चढायचं की नाही, म्हणून तिच्याकडे बघत होत्या.

तिनं करंडक खाली ठेवला. ज्यासाठी ती खरं तर आली होती, ते आता बोलायला जड जात होतं.

“सर... तुमच्या जागेसाठी संस्थेनं मला विचारलंय.”

सरांनी शिट्टी खिशात टाकली.

“संस्थेनं विचारलं... आणि मुलींनी?”