दारातला पहारेकरी

फार मागे, झिंगे पाण्याखाली माणसांसारखे भांडत असत, तेव्हाची ही गोष्ट. एका शेततळ्यात झिंग्यांची पिल्लं वाढत होती. त्यांना लपायला म्हणून मालकाने तळाशी पाइपाचे तुकडे टाकले होते. त्यातला सगळ्यात मोठा तुकडा दांडगोबाने बळकावला.

झिंगा वाढला की जुनं कवच टाकतो आणि नवं टणक होईपर्यंत लोण्यासारखा मऊ राहतो. असा कुणी दिसला की दांडगोबा त्याचा लचका तोडायचा. वर म्हणायचा, "मऊ व्हायला सांगितलं कुणी?" धाकट्या झिपरीची एक मिशी त्यानेच खाल्ली होती.

एक दिवस दांडगोबाचंच कवच उकललं. तो घाबरून पाइपात शिरला आणि रिकामं कवच त्याने नांग्या उगारून दारात उभं केलं. ते बघून सगळे लांबूनच पळाले.

पण नवं कवच टणक व्हायला जुनंच खावं लागतं. भूक काही आवरेना. "मागचे पाय कोण बघतंय?" म्हणत त्याने एकेक पाय कुरतडला, आणि पहारेकरी हळूहळू आडवा झाला.

समोर झिपरी!

"झिपरे, गुणाची ना तू," दांडगोबा चिरकला, "मऊ झिंग्याला खाणं फार वाईट बरं!"

"हे कधी कळलं, दादा?"

"आत्ताच."

"बरं झालं. आता सरक. माझंही कवच सकाळपासून सैल झालंय."

जन्मात पहिल्यांदा दांडगोबा सरकला.

थोड्या वेळाने दारात एक छोटं कवच उभं राहिलं. त्याला मिशी एकच होती, पण पाय सगळे शाबूत होते.