शिसवीच्या गाठीतली खूण

“मग हिचं करू तरी काय, अप्पा?”

जोतिरामनं गाठ पुढ्यात ठेवली. ठेवली म्हणजे जवळजवळ आदळलीच.

अप्पा सुतार काचेच्या तुकड्यानं पटाशीचा दांडा तासत होते, ते तासत राहिले.

मी तिथंच बाकड्यावर बसलो होतो. अप्पा पखवाजाची खोडं कोरायचे आणि मी लाकडाचा व्यापारी, म्हणजे येणंजाणं आलंच. शिवाय ती गाठ माझ्याच वखारीतली. शिसवीच्या बुंध्याला आवाळू यावं तशी आलेली, माणसाच्या डोक्याएवढी. असल्या गाठी आम्ही फुकट देतो, तरी गिऱ्हाईक उपकार मानत नाही. अप्पा मात्र दोन-चार वर्षांनी एखादी स्वतः येऊन निवडून न्यायचे.

त्याचं कारण असं. पखवाजाचं खोड कोरून झालं की कोरणारा आतल्या अंगाला, पोकळीत, आपली खूण घालतो. दोन्ही तोंडांवर चामड्याची पुडी चढली की ती कुणालाच दिसत नाही. शिकणाऱ्यानं घालायची ती गुरूची खूण. अप्पांची होती बेलाचं पान. स्वतःची कधी घालायची ते गुरू सांगणार, आणि सांगण्याआधी अप्पा शिष्याच्या हातात एक गाठ देणार. “हिच्यातनं जे निघेल ते घेऊन ये.” बास, एवढंच.

जोतिरामला नऊ वर्षं झाली होती. हात असा बसलेला की त्याचं खोड कुठलं आणि अप्पांचं कुठलं, हे मलाही सांगता येत नसे. गावाकडं त्याची शेड उभी राहिली होती, पत्रे चढले होते. गावच्या भजनी मंडळींनी पखवाज सांगून ठेवला होता, आणि वर म्हणाले होते, बेलाचं पान नको, खूण तुझी पाहिजे. ते वाट बघत होते. आणि गाठ कापली तर आत पोकळ.

“वरनं बघा कशी आहे,” जोतिराम म्हणाला. “आणि आतनं कुजलेली. दिवा ठेवून बघितला, काजळी धरते. चिमणीला घर होईल म्हणून झाडाला टांगली, चिमणी फिरकली नाही. घरी वहिनींना बियाणं ठेवायला दिली. भोकातनं मुंग्या शिरल्या म्हणून त्यांनी परत पाठवली.”

मला गप्प बसवेना.

“माझ्याकडनं एका फकिरानं नेली होती अशी,” मी म्हटलं. “वर्षानं आला. म्हटलं, बाबा, कटोरा केला का? म्हणाला, उशाला घेतो. पोकळ आहे, लांबून कुणी चालत आलं तरी कानाला कळतं.”

अप्पांनी पहिल्यांदा मान वर केली.

“शहाणा माणूस.”

“मला उशी करायची नाही, शेठ,” जोतिराम म्हणाला. “मला खूण पाहिजे.”

“घेऊन जा,” अप्पा म्हणाले. “अजून निघालं नाही.”

आठ दिवसांनी मी पुन्हा गेलो तेव्हा तो आलेला होता. पुढ्यात एक भांडं. गाठीचं भांडं एवढं देखणं मी तोवर बघितलं नव्हतं. काळ्या-तांबड्या रेषा पाण्यातल्या भोवऱ्यासारख्या फिरलेल्या, वरून लाखेची झिलई. कुजक्या पोकळीचा मागमूस नाही.

“वा,” मी म्हटलं. व्यापाऱ्याचं तोंड आधी सुटतं.

अप्पांची नजर दोन वर्षांपासून अधू झाली होती. त्यांनी भांडं मांडीवर घेतलं आणि बोटाच्या पेरानं वाजवायला लागले. काठाला. कडेला. जरा खाली…

एके ठिकाणी बोट थांबलं. पुन्हा वाजवलं.

“इथं बोलत नाही.”

अप्पांनी तिथंच नख टेकवलं.

“भुसा?”

“भुसा आणि सरस.”

“का?”

“भोक कोण घेतं, अप्पा?”

अप्पांनी हात भिंतीकडं केला. तिथं सात खोडं ओळीनं उभी होती. सगळी आरपार पोकळ, सगळी जोतिरामनं कोरलेली.

“ती कोण घेतं?”

“ती पोकळी आपण पाडलेली असते.”

“आणि ही?”

…

बाहेर कुणाची तरी म्हैस ओरडली. 

“काढ,” अप्पा म्हणाले. आणि स्वतःची पटाशी त्याच्याकडं सरकवली.

आठ दिवसांचं काम ते. लाखेवर पहिला घाव बसला आणि झिलई तडकली. जोतिरामचे ओठ घट्ट मिटलेले होते. रागानं का कशानं, मी सांगू शकत नाही. भुशाचे खडे निघत गेले, मग सरसाला चिकटून जुना कुजका चुरा निघाला, मग तो फुंकर मारायला लागला. फुंकता फुंकता थांबला.

भांडं उचलून दाराच्या उजेडात नेलं.

“निघालं?” अप्पांनी विचारलं.

“निघालं.”

“काय आहे?”

“ओळी आहेत, अप्पा.” त्याचा आवाज बदलला होता. “अळीनं कोरलेल्या. सगळ्या पोकळीभर.”

मीही उठून बघितलं. लाकूड खाणारी अळी मी जन्मभर बघत आलोय, शिव्या घालत आलोय. पण ते नीट असं कधी बघितलंच नव्हतं. मोडी लिहावी तशा बारीक, वळत गेलेल्या ओळी, एकीला एक लागून.

“एकीत एक घुसते का?” अप्पांनी विचारलं.

“नाही. कुठंच नाही.”

“खोली?”

जोतिरामनं अंगठा आत फिरवला. बराच वेळ फिरवला.

“सगळीकडं सारखी.”

“तुझ्या हाताला येते तशी?”

“नाही येत.”

अप्पांनी भांडं मागून घेतलं. त्याच जागी पेरानं वाजवलं. आता तिथून स्वर आला. बारीक होता, पण उरत होता. तो पुरता विझेपर्यंत अप्पा थांबले.

“आत कुठं मोकळी जागा आहे?”

“आहे. बोटभर.”

“मग घाल तिथं. तुझी खूण.”

जोतिराम बघतच राहिला. नऊ वर्षं ज्या शब्दाची वाट बघितली तो असा, सहज, भुशाच्या ढिगाऱ्यावर पडला होता. त्यानं खूण कधीच ठरवून ठेवलेली होती. पाच टोकांची चांदणी. मला कोळशानं काढूनही दाखवली होती.

तो मांडी घालून बसला. भांडं दोन पायांत धरलं. पटाशीचं टोक त्या बोटभर जागेवर टेकवलं.

टेकवलं, आणि तसाच बसून राहिला.

मग त्यानं पटाशी खाली ठेवली.

“हिच्यात नको, अप्पा.”

“का रे? शेड बांधलीस. माणसं वाट बघतात.”

“बघतात.”

“आज नाही घातलीस तर मी पुन्हा कधी सांगेन, कुणास ठाऊक.”

“ठाऊक आहे.” त्यानं मान वर केली नाही. “पण हे मी नाही कोरलं.”

अप्पांनी डोळे मिटले. मला वाटलं, डुलकी लागली. तेवढ्यात त्यांचा हात जमिनीवरून चाचपत पटाशीपर्यंत गेला. त्यांनी ती धोतराला पुसली. धार आपल्याकडं धरली आणि दांडा जोतिरामकडं केला.

“मग उद्यापासनं तुझी खूण खोडांत घाल.”