ओदीलचं पिंप

“पण सात दिवसांत तुम्ही मला शिकवलंत काय, ते तरी सांगा.”

बोरस्तेसाहेबांनी हे मराठीत विचारलं आणि माझ्याकडे बघितलं. फ्रेंचमध्ये सांगताना मी ते जरा मऊ केलं.

पेर ओनोरे अक्रोड फोडत होते. ते फोडत राहिले...

“काय म्हणाले?”

“काही नाही म्हणाले.”

“हे रोजचंच झालंय, ताई.”

सुधाकर बोरस्ते निफाडचे. द्राक्षं आणि वाइन यांत पंचवीस वर्षं घालवलेला माणूस, आणि हे समोरच्याला पहिल्या पाच मिनिटांत कळेल अशी ते व्यवस्था करत. मी मूळची मिरजेची. लग्न करून फ्रान्सात आले त्याला वीस वर्षं झाली, पण वाइनमधलं मला अजून ओ की ठो कळत नाही. मला दोन्ही भाषा येतात, एवढ्यावरच मला बोलावलं होतं.

पेर ओनोरे ब्याऐंशी वर्षांचे. पेर म्हणजे बाबा. ज्युराच्या डोंगरपायथ्याच्या त्या गावात सगळेच त्यांना तसं म्हणतात. तिथली पिवळी वाइन शिकायला त्यांच्याकडे लांबून लोक येतात, आणि बरेचसे चिडून परत जातात.

पहिल्या दिवशी त्यांनी एवढंच सांगितलं होतं, “इथं कशालाही हात लावू नकोस.”

“आणि शिकू कसा?”

“आधी बघ.”

मग ते आम्हाला आपल्या खटारा गाडीतून हिंडवायला लागले. आज हे गाव, उद्या ते. दगडी घरं, उतारावरचे मळे, चर्चसमोर भरणारा बाजार. बोरस्तेसाहेबांच्या खिशात एक निळी वही होती. प्रत्येक गाव झालं की ते तिच्यात खूण करत.

वही त्यांच्या पत्नीची, मंदाकिनीबाईंची. या भागातल्या गावांची नावं त्यांनीच शोधून लिहून ठेवली होती. दोघांनी मिळून यायचं ठरलं होतं. मार्चमध्ये त्या गेल्या.

“तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी मी नव्या टाक्यांचं काम काढलं,” ते मला गाडीत म्हणाले. “घरामागं तिची शेवंतीची बाग होती. तिथं गाड्यांसाठी शेड केली. रिकामी जागा बघवत नव्हती मला. माणसानं कामात असावं, ताई.”

हे ते अगदी अभिमानानं सांगत होते. 

तिसऱ्या दिवशी चीजच्या दुकानापाशी एक गंमत झाली. गंमत म्हणजे कसली... दुकानदारीणबाईंनी पेर ओनोरेंना नेहमीचा तुकडा कापून दिला आणि विचारलं, “ओदीलला हाच आवडायचा ना?” ओदील म्हणजे त्यांची गेलेली बायको. म्हातारा भर बाजारात उभ्या उभ्या रडला. टोपीनं डोळे पुसले आणि पुढं अक्रोड बघायला लागला. बाईंनाही त्याचं काही वाटलं नाही.

बोरस्तेसाहेबांनी मान फिरवली. “चारचौघांत असं बरं दिसत नाही,” म्हणाले.

माझी चूक मात्र तळघरांत झाली.

कुठल्याही तळघरात शिरलं की बोरस्तेसाहेब पिंपांवर बोटानं टकटक करत. “बघा, अर्धवट. सगळ्यांची हीच तऱ्हा. बॅरल बोटभर रिकामं दिसलं तर मी गड्याला घरी पाठवतो. हवा शिरली की वाइन गेलीच. विचारा ह्यांना, लाज वाटत नाही का?”

मी काही विचारलं नाही. पाहुण्यानं असं बोलू नये म्हणून मी सांगायची, “साहेबांना तुमचं तळघर फार आवडलं.” तळघरवाले खूश होऊन हसायचे. त्यांचं हसणं बघून बोरस्तेसाहेबांना वाटायचं, यांना आपली चूक कळली. मी स्वतःवर खूश होते. केवढी हुशार बाई.

आठव्या दिवशी सकाळी बोरस्तेसाहेब म्हणाले, “बाजार पुरे झाले. मी इथं घरीच थांबतो.”

म्हणून मी आणि पेर ओनोरे दोघंच गेलो. त्यांनी अक्रोड घेतले, दोन कांदे घेतले आणि पायरीवर टेकले. मग आपणहून बोलायला लागले.

“माझ्या तळघरातलं, जिन्याखालचं छोटं पिंप बघितलंस? ओदीलनं भरलेलं ते शेवटचं. तिनं स्वतःच्या हातानं भरलं आणि वसंतात ती गेली. पुढच्या महिन्यात ते भरल्याला सहा वर्षं होतील. मग उघडायचं.”

“इतकी वर्षं नुसतं ठेवायचं?”

“नुसतं. वाइन उडत जाते, पिंप हळूहळू रितं होतं. दुसरीकडे लोक वरून भरत राहतात. आम्ही नाही भरत. त्या रित्या जागेत वाइनवर साय धरते, दुधावर धरते तशी. ती साय वाइनला सांभाळते. वरून काही ओतलं की साय मोडली, संपलं सगळं.”

माझ्या हातातली पिशवी खाली टेकली.

“काय झालं?” त्यांनी विचारलं.

“पेर ओनोरे, आपण घरी जाऊ या.”

बोरस्तेसाहेब तळघराच्या दारातच उभे होते. बाह्या कोपरापर्यंत ओल्या. आठ दिवसांत पहिल्यांदा तो माणूस मनापासून हसत होता.

“सांगा बाबांना, त्यांचं वय झालंय, एकट्यानं कुठवर बघतील? ते जिन्याखालचं पिंप पार खाली गेलं होतं. कोपऱ्यातल्या टाकीतली ताजी वाइन घेऊन काठोकाठ भरलं. बाकीचीही भरून देतो जायच्या आधी.”

 वीस वर्षांत पहिल्यांदा मला दोन्ही भाषांतला एकही शब्द सुचला नाही.

तोवर पेर ओनोरे आत गेले होते. जिन्याखाली वाकून त्यांनी पिंपावर बोट वाजवलं. आवाज बद्द आला. त्यांनी पुन्हा वाजवलं. मग तळहात पिंपावर ठेवला आणि तसेच उभे राहिले...

“काय झालं, ताई?”

मी सांगितलं. या वेळी काहीच मऊ केलं नाही. सायीचं सांगितलं, सहा वर्षांचं सांगितलं, ओदीलबाईंचं सांगितलं. आणि तळघरांत मी काय लपवलं होतं तेही सांगितलं, आधी मराठीत, मग फ्रेंचमध्ये.

बोरस्तेसाहेबांचा चेहरा उतरला.

“परत उपसतो मी. जेवढी ओतली तेवढी उपसतो.”

“उपसशील,” पेर ओनोरे म्हणाले.

 त्यांनी फळीवरून एक पेला घेतला, पिंपाच्या तोटीतून दोन बोटं वाइन काढली आणि उजेडाला धरून बघितली. एक घोट घेतला. बराच वेळ तोंडात धरला. मग पेला हळूच खाली ठेवला.

“वाईट नाही,” म्हणाले. “कुणाचीही असू शकते.”

मला रडू आलं ते तेव्हा.

मग ते बोरस्तेसाहेबांकडे वळले. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

“का भरलंस?”

“रिकामं होतं म्हणून.”

“मग?”

“मला रिकामं बघवत नाही...”

एवढं बोलून ते थांबले. आपलंच बोलणं त्यांनी बहुतेक पहिल्यांदा ऐकलं असावं. त्यांचा हात खिशातल्या वहीवर गेला.

 

“ताई,” ते मराठीत म्हणाले, “हे नका सांगू त्यांना. शेवंती फुलावर होती हो. माळी म्हणाला, साहेब, थोडे दिवस थांबा. मी थांबलो नाही. त्याच्यावर काँक्रीट ओतलं मी. तिच्या बागेवर. आता घरात कुठंही बघितलं तरी ती नाहीच आहे.”

ते त्या ओल्या फरशीवर बसले. गुडघ्यात डोकं घातलं. आठ महिने दाबून ठेवलेलं सगळं एकदम आलं. माणूस इतक्या मोठ्यानं रडतो हे मी विसरून गेले होते. फ्रेंचमध्ये सांगायची गरज पडली नाही.

मला ते बघवेना. मी घाईनं पेलाभर पाणी घेतलं, त्यांच्याकडे वाकले, खांद्यावर हात ठेवणार एवढ्यात माझं मनगट कुणीतरी धरलं. पेर ओनोरेंचा हात होता तो.

“थांब, बाई,” ते म्हणाले. “हात लावू नकोस.”