कुमुदचा चहा

“पण मग मला दीक्षा का नाही, माई?”

अच्युतरावांचा आवाज जरा चढलाच. मुख्याध्यापकी करून निवृत्त झालेला माणूस; नकार ऐकायची सवय नव्हती.

“मुलं मार्गी लागली. घर त्यांच्या नावावर केलं. कुमुद गेली, तिचं वर्षश्राद्धही उरकलं. गावोगाव गीतेवर बोलतो, लोक कानांत प्राण आणून ऐकतात. आता सोडायला माझ्याजवळ काही उरलेलंच नाही.”

माई तांदूळ निवडत होत्या. घाटाखालच्या त्या लहानशा मठाचा सगळा कारभार त्यांच्याकडे होता. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

“चहा करा,” त्या म्हणाल्या.

मठाचा तसा रिवाज होता. दीक्षा मागायला येईल त्यानं आपल्या घरी होतो तसा चहा करायचा. माई तो पीत आणि मग काय ते बोलत. अच्युतरावांना हा पोरखेळ वाटला. पण चहा म्हणजे त्यांच्या हातचा मळ. बायको गेल्यापासून ते स्वतःच करत, आणि अगदी तिच्यासारखा जमतो म्हणून चारचौघांत सांगत. बाह्या सरसावून ते चुलीपुढं बसले.

आधणात गवती चहाची पात पडली. मग ठेचलेलं आलं.

“आलं आधी पाण्यात चांगलं उकळू द्यायचं,” ते समजावून सांगू लागले. शिकवायची खोड कुठं जाणार? “कच्चं आलं दुधात पडलं, की दूध नासलंच समजा.”

“कुणी शिकवलं?”

“बघून बघून आलं. कुमुद रोज करायची. मी प्रवचनाची टिपणं काढत बसायचो, चहा निवून जायचा. बिचारी पुन्हा गरम करून आणून द्यायची.”

साखर, चहापत्ती, मग दूध. वेलदोडा अगदी उतरवताना. चहा कपात गाळला तसा ओसरीपर्यंत वास सुटला.

माईंनी घोट घेतला.

“छान झालाय.”

अच्युतराव खुलले. विद्वान माणसाला बाकी सगळं पचतं, कौतुक तेवढं पचत नाही. लगेच तोंड सुटतं.

“गंमत सांगू, माई? स्वतःचा चहा मात्र तिला कधी धड जमला नाही. एकदा चुकून मी तिचा कप उचलला. ना दूध, ना गोडी, नुसतं कडवट पाणी! बाईसाहेब दूध घालायलाच विसरलेल्या. प्रवचनात हा किस्सा मी हमखास सांगतो, संसारात माणसाला स्वतःचंच भान राहत नाही म्हणून. लोक पोट धरधरून हसतात.”

माई हसल्या नाहीत.

“ती असायची प्रवचनाला?”

“असायची ना. पहिल्या रांगेत.”

“हसायची?”

“…हसायची.”

माईंनी कप खाली ठेवला.

“हा तुमचा झाला. आता तिचा करा.”

“तिचा वेगळा कुठला? एकाच पातेल्यातला.”

“एकाच पातेल्यातला? मग तुमचा असा, आणि तिचा कडू कसा?”

हाताला चाळा हवा म्हणून अच्युतरावांनी गाळणं उचललं आणि त्यातला चोथा बाहेरच्या अळवात झटकायला निघाले.

माईंनी त्यांचा हात धरला.

गाळणं काढून घेतलं. चोथा पातेल्यात पुन्हा उलटा केला. तांब्यातलं पाणी वर ओतलं आणि पातेलं चुलीवर चढवलं.

थोड्या वेळानं पातेल्याच्या कडेनं पाणी बारीक सूं सूं करू लागलं.

अच्युतरावांनी तो आवाज ओळखला.

बाहेरच्या खोलीत ते चहाचा पहिला घोट घेत, तेव्हा स्वयंपाकघरातून रोज हाच आवाज यायचा. कुमुद भांडी घासायला पाणी तापवते आहे, असंच ते जन्मभर धरून चालले होते.

तेव्हा दूध बेताचं असायचं. त्यांचा चहा, त्यांच्या आईचा चहा, मुलांचे पेले, वर ज्ञानचर्चेला येऊन बसणारी मंडळी. पुढं पगार वाढला, घरात दूध वाढलं. ती मात्र दुसऱ्या पाण्यावरच राहिली. का, म्हणून त्यांनी कधी विचारलं नाही.

माईंनी ते पाणी गाळलं. कप त्यांच्यापुढं सरकवला.

त्यांनी घोट घेतला. जीभ आखडली.

“साखर…” सवयीनं तोंडून निघून गेलं, आणि शरमेनं त्यांची मान खाली गेली.

चूल विझत आली. माईंनी पुन्हा सूप मांडीवर घेतलं. अच्युतरावांच्या हातात कप तसाच होता. गावोगावचं ते हसू त्यांना आता ऐकू येत होतं. पहिल्या रांगेतलं तिचंही. सगळ्यांबरोबर ती पण हसायची, आणि तिच्याकडे बोट दाखवून ते पुढचा श्लोक म्हणायचे. त्यांना स्वतःची किळस आली.

त्यांनी कप जमिनीवर ठेवला.

“माई… चुकलो मी.” डोळे पुसायचंही त्यांना भान नव्हतं. “आता तरी दीक्षा द्या. आता खरोखरच माझ्याजवळ काही उरलं नाही.”

माईंनी कपाला बाहेरून बोट लावून पाहिलं.

“निवला,” त्या म्हणाल्या. “आणा, गरम करून देते.”