शेपटीची निरवानिरव

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा बेडकांच्या पिल्लांना आपण पुढे बेडूक होणार, हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

एका डबक्यात असंच एक पिल्लू राहत होतं. शेपटी हलवली की सुळकन पळायचं. बगळ्याच्या बापाला सापडायचं नाही. शेपटी म्हणजे त्याचा जीव की प्राण.

पण पाऊस सरला, ऊन तापलं, डबकं आटू लागलं. बगळा रोज एकेक पाऊल आत येऊ लागला. आणि नेमकी तेव्हाच पिल्लाची शेपटी आखूड व्हायला लागली! आता याला काय म्हणावं?

"कोणी कुरतडलं का गं तुला?" पिल्लाने शेपटीला विचारलं.

"नाही रे."

"मग माझ्यावर रुसलीस?"

"वेडा आहेस का! आतून निरोप आलाय, एवढंच कळतं. कोणी धाडला, मलाही ठाऊक नाही."

पिल्लाचं डोकं आणखीच गरगरलं. ते माशाकडे गेलं. मासा म्हणाला, "सडली तुझी शेपटी! चिखल थाप." पिल्लाने चिखल थापला. शेपटी आणखी आखूड झाली. शिवाय अंगाला पाय फुटले होते, तोंडाचा आकार बदलत होता, शेवाळ खाता येईना; तरी भूक काही लागेना. हे काय गौडबंगाल? मला विचाराल, तर मीही गोंधळलो असतो.

शेवटी ते म्हाताऱ्या खेकड्यापाशी जाऊन रडू लागलं. "आजोबा, शेपटी गेली तर बगळा मला खाईल हो!"

खेकड्याने चिखल झटकला, शेपटी हुंगली. "सडलेलं सुजतं, घाण मारतं, शेजाऱ्यालाही नासवतं. इथे वास तरी येतोय का? माशाला काय अक्कल! अरे, शेपटीतल्या इवल्या इवल्या पेशी आपणहून आवरून घेताहेत. कधी निघायचं, ते तू अंड्यात होतास तेव्हाच त्यांना सांगून ठेवलंय. एकेक पेशी स्वतःचंच गाठोडं बांधते आणि शेजारणीच्या ओटीत घालते. त्या शिदोरीवर तर जगतोयस तू! हे सडणं नाही बाळा, ही निरवानिरव आहे."

"पण ती मरतेय ना?"

"मरतेय," खेकडा म्हणाला.

काही दिवसांनी एका सकाळी बगळ्याची चोच सपकन खाली आली. पिल्लू सवयीने शेपटी हलवायला गेलं. शेपटी नव्हतीच! घाबरून त्याने पाय झाडले, आणि टुणकन ते थेट काठावरच्या गवतात जाऊन पडलं. हे पाय एवढे दांडगे झाले तरी कधी?

बगळा हात चोळत बसला. पिल्लू मात्र वळून पाण्यात शेपटी शोधत राहिलं. ती कुठेच दिसली नाही. मग आपल्या मांडीवर हात ठेवून ते हळूच म्हणालं, "इथे आहेस होय गं!"

लहानांनो आणि थोरांनो, एवढंच ध्यानात ठेवा: वेळ झाली की जो आपली निरवानिरव करून निघतो, तो मागे राहणाऱ्यांच्या पायांतलं बळ होतो.