पंपाच्या गळ्यातली माळ

टक्क.

पिल्लं एकदाची झोपली होती, बिळात दुपारची सामसूम होती, आणि जमिनीवर ठेवलेली वाटी आपोआप भिंतीला जाऊन आपटली. सुगंधाबाईनं वाकून पाहिलं. वाटी तरंगत होती.

सुगंधाबाई चिचुंद्री होती. नाव तिच्या आईनं ठेवलं होतं. आईला आपलं पोर सुवासिकच वाटतं. ती राहायची टेकडीच्या पोटातल्या एका राज्यात. सगळ्यात वरच्या बिळात राजा साळिंदर, मधल्या बिळांत मंत्री, आणि सगळ्यात खाली, तळघरात, प्रजा आणि प्रजेचं धान्याचं कोठार. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी झिरपायचं ते तळघरातच. वर झिरपायची पाण्याला सवय नाही.

म्हणून तळघराच्या कोपऱ्यात एक खड्डा होता आणि खड्ड्यात पंप. पंप कुठून आला, वीज कुठून येते, असं विचारायचं नाही. गोष्टीत लाइट जात नसते. पंपाला दोरीनं एक हलका गोळा बांधलेला. खड्ड्यात पाणी साचलं की गोळा तरंगत वर येणार, गोळा वर आला की पंप सुरू होणार, आणि पाणी नळीतून टेकडीबाहेर, लांब उतारावर. पाणी उतरलं की गोळा खाली, पंप बंद. कुणाच्या हुकमाची गरज नाही. राजाला पंपाची तेवढी एकच गोष्ट खटकली होती.

तरी उद्घाटन त्यानंच केलं. खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून पाहिलं. गोळा वर, पंप सुरू, टाळ्या. मग नारळ फुटला, पंपाला कुंकू लागलं, आणि राजानं स्वतःच्या हातानं झेंडूची जाडजूड माळ घातली. पंपाला वेढे देऊन उरली, ती गोळ्यालाही गुंडाळली.

"राजहस्ते घातलेली माळ कुणीही काढायची नाही!" मंत्री मुंगूसरावांनी जाहीर केलं.

फुलं सुकून गळाली. दोरा राहिला.

तर सुगंधाबाई वाटी घेऊन तडक दरबारात गेली. मागे झोपमोड झालेल्या पिल्लांची आगगाडी. चिचुंद्रीची पिल्लं एकमेकांची शेपटी तोंडात धरून चालतात. त्यामुळे ती हरवत नाहीत आणि बोलतही नाहीत. शेवटची ठमी तेवढी मधूनच शेपटी सोडायची.

"महाराज, गोळा माळेत अडकलाय. माळ काढू द्या. पंप आपला आपण चालेल."

"आपला आपण?" साळिंदराचे काटे उभे राहिले. "मग आम्ही कशाला आहोत?"

"तेच तर!" ठमी म्हणाली. आईनं पटकन तिच्या तोंडात दादाची शेपटी कोंबली.

राजानं चौकशी समिती नेमली. समितीत बेडूक घेतले, कारण पाण्याचा दांडगा अनुभव. बेडूक तळघरात उतरले, पोहले, जेवले, आणि त्यांनी अहवाल दिला: "पाणी उत्तम आहे. अजून थोडं चाललं असतं."

मग पाणी कोठारात शिरलं. सुकं धान्य 'सुरक्षिततेसाठी' वर राजाच्या बिळात हलवण्यात आलं. ओलं धान्य जनतेच्या हवाली केलं. आणि मुंगूसरावांनी सभा घेतली.

"बंधूंनो आणि भगिनींनो! काही जण ओरडतात, तळघरात पाणी आलं. मी विचारतो, आधीच्या राजाच्या काळात आलं होतं का एवढं पाणी?"

"नाही!"

"मिळालं होतं का कुणाला घरबसल्या स्नान?"

"नाही!"

"मग!"

टाळ्या. घरटी एक होडी जाहीर झाली. भुईमुगाच्या टरफलाची, आत राजाचं हसरं चित्र. पाय ठेवायचा तर राजाच्या तोंडावरच पडायचा, म्हणून सगळे होडीत उकिडवे बसू लागले.

"सुगंधे, रांगेत ये की!" शेजारचे दामूअण्णा उंदीर पोटापर्यंत पाण्यात उभे राहून ओरडले. "चकटफू आहे!"

"अण्णा, आपण माळ कापू या ना. तुमचे दात केवढे आहेत!"

"दात आहेत गं," अण्णा म्हणाले, "पण होडी मिळायचीय अजून."

संध्याकाळी पाणी पिल्लांच्या गादीला लागलं. ठमी सगळ्यात बुटकी. तिला उभं केलं तर नाक तेवढं वर राहत होतं. सुगंधाबाईनं पिल्लं दामूअण्णांना मिळालेल्या होडीत भरली, "शेपट्या घट्ट धरा रे" म्हणाली, आणि खड्ड्यात बुडी मारली. आत काळोख. तिनं दोरा चाचपला आणि कुरतडायला लागली. श्वास संपत आला, तोंडात कुजलेला झेंडू, आणि एकदम कट्! गोळा उसळून वर. घुर्रर्र!

पाणी उतरलं. होड्या जमिनीवर टेकल्या. तरी काही जण त्यांतच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी राजा खाली आला. पंप त्यानं कौतुकानं न्याहाळला.

"बघितलंत? ही आमच्या माळेची पुण्याई!"

मग नवी माळ आली. पहिलीच्या दुप्पट जाड, या वेळी नायलॉनच्या दोरीत ओवलेली. राजानं ती पंपाला घातली, उरली ती गोळ्याला गुंडाळली. मुंगूसरावांनी हात वर केले. तळघर टाळ्यांनी दणाणलं.

ठमीनं दादाची शेपटी सोडली.

"आई, मग तू का वाजवतेयस?"

सुगंधाबाईनं आपल्या पंजांकडे पाहिलं. ते वाजतच होते.