न पाहता दिलेला निवाडा

समुद्रकाठच्या एका नगरात सटवाजी नावाचा पाथरवट राहत होता. चाळीस वर्षे त्याच्या हातची छिन्नी सुटली नव्हती. त्याने एखाद्या कामाला चांगले म्हटले, की राजासुद्धा मग दुसऱ्या कुणाला विचारत नसे.

एकदा राजाने नवा सभामंडप बांधायचे ठरवले. त्याचा शिल्पाधिकारी नागदेव म्हणाला, "महाराज, चुना आणि दगड दोन्ही घरचेच आहेत. जुन्या वखारीत ग्रीस देशाच्या खलाशांनी टाकून दिलेली एक संगमरवरी मूर्ती पडली आहे. ती भट्टीत भाजली की उत्तम चुना होईल. बंदरावर अरब व्यापाऱ्यांची मशीद आहे. ती उतरवली की घडीव दगड आयता मिळेल."

"पण ती कामं मोलाची असली तर?" राजाने विचारले.

"छे. मूर्तीला धड हात नाहीत, आणि ती आपल्या कुठल्याच देवीसारखी दिसत नाही. मशिदीत तर एकही मूर्ती नाही. मग तिथे कला कसली?"

राजाने सटवाजीचे मत मागवले. नागदेवाने त्याला वाटेतच गाठले.

"दरबारात नुसती मान डोलाव. सभामंडपाचा मुख्य कारागीर तूच."

"तुम्ही ती दोन्ही कामं पाहिलीत का?"

"पाहायचं काय त्यात? परक्यांची ती."

सटवाजी रोज वखारीवरून आणि मशिदीवरूनच जाई. त्यानेही कधी तिकडे मान वळवली नव्हती.

तो आधी वखारीत गेला. कोपऱ्यात धूळ खात एक दगडी बाई उभी होती. तिचे वस्त्र वाऱ्याने अंगाला चिकटले होते आणि त्यातून गुडघ्याची वाटी दिसत होती. सटवाजीने बोट फिरवले. वस्त्र दगडाचे, वाराही दगडाचा. चाळीस वर्षांत त्याला दगडात वारा धरता आला नव्हता.

मग तो मशिदीत गेला. तिथला म्हातारा झाडूवाला दाऊदमियाँ म्हणाला, "जोडे तेवढे बाहेर काढा, भाऊ. मग हवा तितका वेळ बघा."

आत चित्र नव्हते, मूर्ती नव्हती. नुसत्या कमानी एकीतून एक उमलत गेल्या होत्या. दगडांनी एकमेकांना रेटून एवढे छत तोलले होते, मध्ये एक खांब नव्हता. दाऊदमियाँ पुढच्या भिंतीशी जाऊन हळूच काही पुटपुटला. ते सटवाजीला पार मागे, दाराशी, स्पष्ट ऐकू आले. रिकाम्या जागेलाही घडवता येते, हे त्याला त्या दिवशी कळले.

तो बाहेर पडला तेव्हा रागाने त्याचे कान तापले होते. राग नागदेवाचा होता, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

तो तडक दरबारात गेला.

"महाराज, मूर्ती मोडायची तर ती वेगळी दिसते म्हणून, आणि मशीद पाडायची तर तिच्यात मूर्ती नाही म्हणून. हा कसला न्याय? नागदेवजींना काम नकोसं नाही. करणाऱ्याचं गाव नकोसं आहे. त्यांनी यातलं एकही पाहिलेलं नाही. हे पाप माझ्या हातून होणार नाही. तुमचा सभामंडप दुसरा कुणीही बांधो."

राजा खजील होऊन म्हणाला, "मीही पाहिलेलं नाही. उद्या पाहीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी राजा जोडे काढून मशिदीत गेला आणि कितीतरी वेळ कमानींखाली उभा राहिला. मशिदीच्या दगडाला कुणी हात लावायचा नाही, असा हुकूम त्याने तिथेच दिला. मग तो वखारीत आला. कोपरा रिकामा होता. अपमानाने जळफळलेल्या नागदेवाने आदल्या संध्याकाळीच मूर्ती भट्टीवर धाडली होती. तिथे आता चुन्याच्या चार पाट्या उरल्या होत्या.

राजाने नागदेवाला त्याच क्षणी कामावरून दूर केले. मग तो सटवाजीला म्हणाला, "लागेल तेवढा संगमरवर देतो. तशीच दुसरी घडव."

सटवाजीच्या डोळ्यांत पाणी आले.

"मला येत नाही, महाराज. ज्याला येत होतं, तो कधीचाच मातीत गेला."

तात्पर्य: कला कुणाची हे विचारण्याआधी ती डोळे भरून पाहावी, न पाहता परक्याचे काम मोडणारा स्वतःलाच दरिद्री करतो.